जुनी ५३०आय घरी सांभाळायची, तर आधी पाणी, मग तेल, मग चाकं

प्रश्न थोडक्यात असा: "काका, मी म्युनिकजवळ राहतो. गेल्या महिन्यात २००२ ची बीएमडब्ल्यू ५३०आय, म्हणजे ई३९ पिढीची, ऑटोमॅटिक, २ लाख १० हजार किलोमीटर चाललेली घेतली. एका गॅरेजने तपासून कामांची यादी दिली. तिची बेरीज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. चार महिन्यांनी टुफची, म्हणजे इथली गाडीची सक्तीची, तपासणी आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पण हातात पाना फारसा धरलेला नाही. घरी जमेल का? सुरुवात कुठून करू?"

तू काका म्हटलंस, तेव्हा अरे-तुरे करतो. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बस.

जमेल. याच इंजिनाची २००१ ची ५३०आय माझ्याकडे चौदा वर्षं होती आणि पहिली दोन वर्षं सोडली तर तिचं सगळं मीच पाहिलं. माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या मशीन शॉपमध्ये गेलं. त्यामुळे पाना मला परका नव्हता. तरी सांगतो, या गाडीला हाताचा जोर कमी लागतो, सबुरी जास्त लागते. तुझी पदवी इथे एवढीच कामाची की बोल्ट किती आवळायचा याचा आकडा का पाळायचा, हे तुला पटवून द्यावं लागणार नाही.

गॅरेजची यादी बहुधा बरोबरच असेल. इथल्या मजुरीच्या दराने जुन्या गाडीचं काम काढलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचाच. पण अशा यादीत क्रम नसतो. तेल पाझरतंय, बुश (सांध्यातलं रबर) गेलाय, डिस्प्लेचे ठिपके उडालेत, रेडिएटर जुना आहे, सगळं एका रांगेत लिहिलेलं. यातलं कुठलं दुखणं इंजिनच मारेल, कुठलं गाडी रस्त्यात थांबवेल आणि कुठलं नुसतं डोळ्यांना खुपेल, हे आपल्याला ठरवायचं असतं.

तुझ्या गाडीतलं इंजिन एम५४. तीन लिटर, सरळ रांगेत सहा सिलिंडर, २३१ अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. वेळेवर तेल मिळालं तर या इंजिनाला २ लाख १० हजार किलोमीटर हे काही वय नाही. म्हातारं झालंय ते त्याच्या आजूबाजूचं रबर आणि प्लास्टिक. त्यांना मीटरवरचे किलोमीटर कळत नाहीत, त्यांना वर्षं कळतात आणि उष्णता कळते. ८० हजार चाललेली, आजोबांनी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली ई३९ घेतली असतीस तरी मी हीच कामं सांगितली असती. फक्त याच गाडीचं असं आहे असंही नाही. पिंपरीला १९९५ पासून ज्या डब्ल्यू१२४ मर्सिडीज जुळवल्या जायच्या, त्या पिढीची ख्याती लोखंडासारखी टिकण्याची. पण नव्वदीच्या पूर्वार्धातल्या कित्येक डब्ल्यू१२४ च्या इंजिनातल्या वायरींचं आवरण उष्णतेने कुस्करून पडायचं. इंजिन शाबूत आणि वायरी उघड्या!

कामाच्या आधी जागा. भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये इंजिन उघडून बसू नकोस. बहुतेक ठिकाणी करारात ते चालत नाही आणि तेलाचा एक थेंब फरशीवर दिसला की घरमालकाचं पत्र येतं. 'मीटवेर्कश्टाट' शोध, म्हणजे तासावर लिफ्ट आणि हत्यारं भाड्याने देणारी जागा. पहिल्या मोठ्या कामासाठी तिथेच जा. गाडी उभ्याने खालून बघता येणं आणि घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवून खाली सरपटणं यात फार फरक आहे. शिवाय तिथे नेहमी एखादा जुना श्राउबर, म्हणजे हौसेने गाड्या उघडणारा, असतो, जो न विचारता सल्ला देतो आणि दहातले सात सल्ले बरोबर असतात. काढलेलं तेल डब्यात भरून, पावती घेऊन, तेल घेतलं त्याच दुकानात परत दे. जितकं विकलं तितकं जुनं तेल फुकट परत घेणं इथे विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक आहे. जुनं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, त्यामुळे मांजर-कुत्र्यांच्या वाटेत पाच मिनिटंही उघडं ठेवायचं नाही.

हत्यारं एकदम घेऊ नकोस, त्या त्या कामाला लागतील तशी घे. पण दोन गोष्टींत काटकसर नको, टॉर्क रेंच आणि घोड्या. टॉर्क रेंच दोन लागतात. एक लहान, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, आणि एक मोठा, २०० पर्यंतचा. या इंजिनावरचे कितीतरी बोल्ट एम६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, आहेत, १० न्यूटन-मीटरचे, आणि ते अॅल्युमिनियमच्या आट्यांत जातात. मोठ्या पान्याने अंदाजाने आवळलेस की आटे हातात येतील. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, १७ ची गोटी. जॅक फक्त उचलायला असतो. गाडी पेलायला घोड्या, आणि घोड्यांवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघायची, मगच खाली जायचं. इतक्या वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. बाकीचे बरेच मोडलेत.

तिसरी खरेदी म्हणजे केबल. तुझ्या गाडीत केबिनमध्ये १६ पिनांचा सॉकेट आहे. २००० सालच्या आसपासच्या आणि आधीच्या युरोपियन ई३९ मध्ये बॉनेटखाली २० पिनांचा गोल सॉकेट असायचा. साधा ओबीडी स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, पण एबीएस, एअरबॅग, एसी यांच्याशी बोलायला के+डीकॅन केबल आणि एक जुना लॅपटॉप लागतो. या वयाच्या गाड्यांसाठी त्या केबलमधल्या ७ आणि ८ नंबरच्या पिना जोडलेल्या हव्यात. काहींवर त्यासाठी बटण असतं, तसलीच घे.

आता पाणी. इथे मी रेंगाळणार आहे, कारण या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक इथूनच.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस. तो काटा चालकाला घाबरवायचं नाही अशा बेताने बनवलाय. कुलंट साधारण ८० अंशांपासून पार ११० च्या आसपास जाईपर्यंत तो मधोमध शांत उभा असतो. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. खरा आकडा बघायला मीटरमध्येच एक लपलेला मेनू आहे. ट्रिपचं बटण दाबून ठेवून त्यात शिरायचं. तो कुलूपबंद असतो आणि किल्ली म्हणजे चॅसी नंबरच्या शेवटच्या पाच अंकांची बेरीज. १९ क्रमांकाच्या चाचणीत ती बेरीज आली की बटण सोडायचं. मग ७.० मध्ये 'केटीएमपी' असं दिसतं, तेच कुलंटचं तापमान. तुझ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ९७ अंशांचा आणि वीजनियंत्रित आहे. जोर लावला की इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला लवकर उघडायला लावतो. म्हणून निवांत चालवताना ९५ ते १०५ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. हायवेवर एका चालीत असताना ८० च्या खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. आणि ११० च्या वर चढत असेल तर गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, टोइंगवाल्याला फोन कर. 'पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ' हे वाक्य या इंजिनाच्या बाबतीत फार महाग पडतं. अॅल्युमिनियमचा ब्लॉक तापला की हेडच्या बोल्टचे आटे ब्लॉकमधून उपटून येतात. मग नुसतं हेड गास्केट बदलून भागत नाही, ब्लॉकमध्ये नवे आटे बसवावे लागतात.

इतकं का तापतं? कारण शीतकरणाचा अर्धा भाग प्लास्टिकचा आणि त्यात दाब दोन बारपर्यंत. रेडिएटरच्या शेजारची एक्सपान्शन टाकी शिवणीवर फुटते. रेडिएटरच्या वरच्या नळीचं तोंड ठिसूळ होऊन मोडतं. पाण्याच्या पंपाचा पंखा काही पंपांत प्लास्टिकचा असतो, तो शाफ्टवरच सुटतो. मग पट्टा फिरतोय, पंप फिरतोय आणि पाणी जागचं हलत नाही. यातलं काहीही सूचना देऊन होत नाही.

म्हणून जुन्या मालकाकडे बदलल्याची पावती नसेल तर हे सगळं एकाच वेळी बदल: रेडिएटर, टाकी आणि तिचं झाकण, वरची-खालची नळी, थर्मोस्टॅट, पंप, पट्टे, त्यांचे रोलर. सुटे भाग चारशे-पाचशे युरोंच्या आसपास जातील. 'टाकी फुटली की टाकी बदलू' असं करणारे लोक त्याच दोन वर्षांत तीनदा कुलंट काढतात आणि एकदा टोइंगचे पैसे भरतात.

करताना तीन ठिकाणी लोक अडतात. पहिलं, इंजिनावरचा पंखा. त्याचा नट ३२ चा आणि आटे उलटे. समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की माणूस तासभर तो आणखी घट्ट करत बसतो. दुसरं, जुना पंप. चार लहान नट काढले तरी तो जागेवरून हलत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नकोस, बसायचा पृष्ठभाग ओरखडेल. पंपाच्या अंगावरच दोन आटेवाली भोकं आहेत, त्यांत एम६ चे दोन लांब बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरव. पंप आपणहून बाहेर येतो. नवा बसवताना १० न्यूटन-मीटर. तिसरं, हवा काढणं. ब्लॉकमधलं पाणी काढायचा वेगळा प्लग आहे, एक्झॉस्टच्या बाजूला, १३ चा. तो उघडला नाहीस तर बरंचसं जुनं पाणी आतच राहतं.

भरताना निळं, नायट्राइट नसलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, सगळं मिळून साधारण साडेदहा लिटर. नळाचं पाणी नको. म्युनिकचं पाणी किती जड आहे ते तुझ्या किटलीत दिसतंच. इग्निशन चालू पण इंजिन बंद, हीटर सर्वांत गरम, ब्लोअर सर्वांत हळू, टाकीजवळचा हवेचा स्क्रू उघडा. अशा स्थितीत अगदी सावकाश ओतत राहायचं. स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग पाणी आलं की बंद. हा स्क्रू प्लास्टिकचा आहे. मी पहिल्या वेळी तो मनगटाच्या जोराने आवळला आणि त्याचं डोकं हातात आलं. शनिवारची संध्याकाळ, दुकानं बंद, सोमवारपर्यंत सायकल. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतला तरंगता दांडा बघून पातळी पूर्ण करायची. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, हे तुला सांगायला नको.

पाणी झालं की तेल. तेल बदलणं सोपं आहे: साडेसहा लिटर, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मान्यतेचं. खालचा प्लग १७ चा, २५ न्यूटन-मीटर, दरवेळी नवा तांब्याचा वायसर. फिल्टर वरून निघतो, झाकणाला ३६ ची गोटी, तेही २५. मीटरवरचे हिरवे दिवे तुला २० हजार किलोमीटर थांबायला सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. दहा हजार किंवा वर्ष, जे आधी होईल ते.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट कडक होऊन तेल स्पार्क प्लगच्या विहिरीत उतरतं आणि एखादा सिलिंडर मिसफायर करायला लागतो. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात, आणि विहीर तेलाने भरलेली तशीच. तेल फिल्टरच्या घराचं गास्केट काही युरोंचं असतं, पण तिथून गळणारं तेल अल्टरनेटर आणि पट्ट्यावर जातं. दोन्ही घरी होण्यासारखी. कव्हर बसवताना चारही कोपऱ्यांतल्या जोडांवर सीलंटचा बारीक ठिपका, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, पुन्हा तेच १० न्यूटन-मीटर.

खरी डोकेदुखी आहे ती इंजिनाचा श्वास मोकळा करणाऱ्या व्हॉल्व्हची. त्याला सगळे सीसीव्ही म्हणतात. क्रँककेसमधली वाफ आणि तेलाचे कण वेगळे करून तेल डिपस्टिकच्या नळीतून परत खाली सोडणं हे त्याचं काम. थंडीत, त्यातही रोज पाच-सहा किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, आत पाणी साचून तेलाचा पिवळसर साका होतो आणि कडाक्याच्या रात्री तो गोठतो. वाट बंद झाली की इंजिन तेल सरळ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, ओढतं. मागून निळा धूर निघाला तर नशीब. वाईट नशीब असेल तर सिलिंडरमध्ये इतकं तेल जातं की कनेक्टिंग रॉड वाकतो. तपासायचं कसं? इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उचल. हलकीशी ओढ लागली तर ठीक. झाकण चिकटून बसलं, शिटी वाजली, तर आतला पडदा फाटलाय. बदलताना चारही नळ्या बदल, जुन्या पापडासारख्या कडकन मोडतातच. इन्सुलेशनवाला, थंड प्रदेशासाठीचा संच मिळतो, म्युनिकला तोच घे. पूर्ण दिवस लागेल. इनटेक मॅनिफोल्डखाली हात घालून बोटांनीच बघावं लागतं आणि त्या दिवशी तुझ्या तोंडून जे मराठी निघेल ते मुलांच्या कानांवर पडू देऊ नकोस.

इथेच निदानाचं बोलून घेतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, कोड पी०१७१ आणि पी०१७४ आले, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. लगेच महागडा एअर मास सेन्सर मागवतात लोक. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! आधी केबल लावून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय त्याचे, आकडे बघ. आयडलला ट्रिम जास्त आणि रेव्ह वाढवल्यावर उतरत असेल तर कुठून तरी चोरून हवा आत जातेय: इनटेकच्या रबरी बुटाला चीर, सीसीव्हीची नळी, इनटेकमधल्या हवेची वाट बदलणाऱ्या डिसा झडपेचं सील. उलट जोर लावल्यावर ट्रिम वाढत असेल तरच सेन्सर, फिल्टर, पेट्रोल पंप यांच्याकडे वळ. या मॉडेलला पेट्रोलचा दाब साडेतीन बार हवा. चीर डोळ्यांना दिसत नाही, बूट काढून हाताने वाकवावा लागतो. आणि इनटेकच्या बाजूची ती डिसा झडप काढशीलच, तेव्हा तिच्या पाकळीची पिन हलतेय का बघ. ती सुटली की सरळ इंजिनात जाते.

व्हॅनोसच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या, सीलबद्दल लवकरच कोणीतरी सांगेल. बरोबर सांगेल: मूळ रबरी रिंगा कडक होतात आणि तीन हजारांच्या खाली गाडी थकल्यासारखी वाटते. पण ते काम पुढच्या वर्षीचं. व्हॅनोसने गाडी रस्त्यात थांबत नाही.

तिसरं, चाकं आणि त्यांना धरणारे हात. ई३९ ज्यासाठी घेतात ते स्टीअरिंग इथेच आहे. तुझ्या सहा सिलिंडरवालीला रॅक-पिनियन आहे. व्ही८ वाल्यांना जागेअभावी जुन्या पद्धतीचा गोळ्यांचा स्टीअरिंग बॉक्स मिळाला, म्हणून ५४० पेक्षा ५३० हाताला जास्त बोलते असं माझं मत. वाद घालायचा तर घाल. पुढच्या बाजूला प्रत्येक चाकाला खाली दोन अॅल्युमिनियमचे हात आहेत. त्यातल्या पुढून आधार देणाऱ्या थ्रस्ट आर्मच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तो बुश गेला की ८० ते १०० च्या वेगात ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरतं. सगळे म्हणतात डिस्क वाकली. डिस्क बदलतात, महिनाभर बरं वाटतं, पुन्हा थरथर. बुशभोवती काळा ओलसर डाग दिसतोय का ते आधी बघ.

हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा अगदी मन लावून केलं. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळलेली, आणि मी बोल्ट आकड्याप्रमाणे आवळून टाकले. काही महिन्यांत दोन्ही नवे बुश फाटले. चूक सर्वस्वी माझी. चाक लोंबकळत असताना बुशचा बोल्ट आवळला की रबर त्या कोनात जखडतं, आणि गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून मडगार्डवर चिकटपट्टी लावून लिहून ठेव. नवे हात बसवून बोल्ट नुसते टेकव. मग हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचल आणि तेव्हाच शेवटचा टॉर्क दे. बॉल जॉइंटचे सेल्फ-लॉकिंग नट नवेच घ्यायचे. उजवं-डावं दोन्ही एकदम, आणि नंतर अलाइनमेंट.

चाकांवरून आठवलं. हबवर गंजून चिकटलेलं चाक हातोड्याने ठोकू नकोस. बोल्ट दोन फेरे सैल कर, गाडी खाली ठेव, स्टीअरिंग इकडून तिकडे फिरव, सुटतं. आणि दुसऱ्या बीएमडब्ल्यूची सुंदर चाकं स्वस्तात मिळाली तर आधी मधलं भोक मोज. ई३९ चं ७४.१ मिलिमीटर, बाकीच्या बहुतेकांचं ७२.६, ती हबवर बसतच नाहीत.

गिअरबॉक्सवर 'आयुष्यभराचं तेल' अशी पट्टी असेल. कोणाच्या आयुष्याचं, हे लिहिलेलं नसतं. तुझा बहुधा झेडएफचा पाच गिअरचा आहे आणि झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगते. कधीच बदललं नसेल आणि गिअर घसरत असतील, तर आधी जाणकाराला दाखव. गिअर नीट पडत असतील तर बदल. आधी भरायचा प्लग सुटतोय याची खात्री, मग काढायचा प्लग. उलट केलंस आणि भरायचा जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसशील. पातळी इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट ठेवून, तेल ३० ते ५० अंशांत असताना बघायची.

विजेच्या तक्रारींनी झोप उडवून घेऊ नकोस. डिस्प्लेचे ठिपके गेले तर गाडी चालतेच. ब्लोअर आपोआप कमी-जास्त होत असेल किंवा दोन दिवसांत बॅटरी उतरत असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर बदल, स्वस्त आणि सोपं. बॅटरी डिकीत उजवीकडे आहे. नवी बसवताना तिची वायू बाहेर सोडणारी नळी जोडायला विसरू नकोस. एबीएस आणि डीएससीचे (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे) दिवे एकदम लागले तर आधी चारही चाकांचे वेग केबलने बघ. एक चाक शून्य दाखवत असेल तर सेन्सर, सगळी बरोबर असतील तर मॉड्यूल, आणि ते दुरुस्तीला पाठवता येतं, नवं घ्यावं लागत नाही.

काही कामांना हात लावू नकोस. एसीचा गॅस काढणं-भरणं इथे प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही. एअरबॅगचंही तसंच. मागच्या अॅक्सलवरून जाणारे ब्रेकचे पाइप या वयात गंजलेले असतात, टुफवाले नेमके तिथेच टॉर्च मारतात. ते वर्कशॉपला दे. खालच्या पट्टीत, जॅक लावायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांभोवती गंज आहे का हे मात्र आजच बघ, ठोकळा काढून. तिथे वेल्डिंग लागणार असेल तर वर लिहिलेलं सगळं थांबव आणि आधी त्याचा अंदाज घे, कारण गंज खोल गेला असेल तर बाकीचे पैसे घालायचे की नाही हाच प्रश्न उरतो.

सुटे भाग मूळ पुरवठादारांचे घे: हातांसाठी लेमफोर्डर, थंडाव्यासाठी बेर-माले, डँपरसाठी साक्स. तोच भाग, फक्त बीएमडब्ल्यूचा शिक्का खरवडून काढलेला, निम्म्या किमतीत येतो. रबराच्या लहान रिंगा, क्लिपा, एकदाच वापरायचे बोल्ट मात्र शोरूमच्या काउंटरवरून, चॅसी नंबर सांगून. २००० च्या सप्टेंबरमधल्या फेसलिफ्टनंतर बरेच भाग बदलले, त्यामुळे 'ई३९ ला बसतं' एवढ्यावर काही मागवू नकोस.

तुझ्या चार महिन्यांची वाटणी मी अशी करेन. पहिल्या महिन्यात गंज बघणं, केबलने सगळे कोड वाचून लिहून ठेवणं, तेल बदलणं, आणि एका शनिवारी लिफ्टवर पाण्याचं सगळं काम. दुसऱ्यात सीसीव्ही आणि व्हॉल्व्ह कव्हर. तिसऱ्यात पुढचे हात, आणि ब्रेकचे पाइप वर्कशॉपकडे. चौथा मोकळा ठेव, तो काही ना काही खातोच. रविवारी हातोडा मारू नकोस, शेजारी बोलणार नाहीत, लिहितील.

पण यातलं काहीही मागवण्याआधी एक कर. आज संध्याकाळी मीटरचा तो मेनू उघड, अर्धा तास गाडी चालव, हायवेवरचं, गावातलं आणि सिग्नलला उभं असतानाचं केटीएमपी वेगवेगळं लिहून काढ. सोबत तेलाचं झाकण उचलल्यावर काय झालं तेही. ते मला पाठव, मग पंप आणि थर्मोस्टॅट याच आठवड्यात लागतील की महिनाभर थांबता येईल ते सांगतो.